शिल्पाच्या अर्जावर मी दिलेलं उत्तर

ई-मेलमध्ये मुद्द्याचा प्रश्न एकच होता. जळकोटच्या पाइपलाइनचं काम शिल्पा बिराजदार यांनी स्वतः चालवलं का? मी लिहिलं, ‘नाही. त्या फक्त मदतीला होत्या.’ ते खोटं होतं. तेव्हा मी उपअभियंता होतो आणि शिल्पा माझ्या हाताखाली.

प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या सर्टिफिकेटला नुसती परीक्षा पुरत नाही. आपण काम चालवलं आहे, हे अर्जात लिहावं लागतं. काही अर्ज ऑडिटला, म्हणजे तपासणीला निघतात. मग सर्टिफिकेट देणारी संस्था वरिष्ठांना ई-मेलनं विचारते. शिल्पाचा अर्ज निघाला.

माझ्या मनात संशय आधीच होता. जेवणाच्या सुट्टीत ती जाड पुस्तक वाचायची, वहीत काहीतरी लिहायची. मी आलो की वही मिटायची. एकदा ती साइटवर गेल्यावर मी वही उघडली. ‘कोजागरीला तुळजापूरला चालत जाणाऱ्यांमुळं हायवेवर जड गाड्या बंद. पाइप आठ दिवस आधी उतरवणे.’ पुढं माझं नाव. खालच्या चार ओळींपुढंही माझंच.

आमच्या ऑफिसात कागदावर नाव येतं ते काम बिघडल्यावर, खुलासा मागायला. मला वाटलं, ही माझ्यावर फाइल तयार करते आहे.

ते रिस्क रजिस्टर होतं. काय अडेल आणि त्यावर नजर कोण ठेवेल, याची यादी. तिनं मागं लागून माझ्याकडून गाड्या आधी मागवून घेतल्या. हायवे बंद झाला, काम एक दिवसही थांबलं नाही. मीटिंगमध्ये शाबासकी मी घेतली.

अर्ज नामंजूर झाला तेव्हा ती केबिनमध्ये आली.

“सर, तुम्हाला मेल आलता का?”

“न्हाय गं. आलाच न्हाय.”

“व्हय का,” एवढंच म्हणाली.

मी निवृत्त झाल्यावर एका रविवारी ती धाराशिवला घरी आली.

“सर, अर्ज परत भरतीय. तुमचंच नाव द्यावं लागतंय.”

पर्समध्ये मोबाइल रेकॉर्डिंगला लावलाय की काय, म्हणून मी पर्सकडंच बघत होतो. तिनं वही काढून माझ्यासमोर उघडी ठेवली. या वेळी तिच्या परीक्षेच्या तयारीचं रिस्क रजिस्टर. पहिली ओळ: ‘साहेब याही वेळी खरं लिहिणार नाहीत.’ नजर ठेवणार म्हणून पुढं माझं नाव.

“तुला माहीत होतं?”

“नामंजुरीच्या पत्रातच हुतं, सर. वरिष्ठांनी दुजोरा दिला नाही म्हनून.”

“मग बोलली का न्हाईस?”

“बोलून काय करू? पुढच्या सगळ्या कामांवर तुमचीच सही लागायची हुती.”

चहा न घेताच गेली.

मेल आला. काम तिनं चालवलं, आणि माझं आधीचं उत्तर खोटं होतं, असं दोन्ही लिहिलं. अर्ज मंजूर झाला. परीक्षा ती पहिल्याच प्रयत्नात पास झाली. मधली वर्षं गेली ती गेलीच.

या परीक्षेची तयारी करणाऱ्यांना एवढंच सांगतो: रिस्क रजिस्टर लिहायला बसाल तेव्हा पहिली ओळ साहेबासाठी मोकळी ठेवा.