आधारची झेरॉक्स परत करायला रिठदला

आमच्या कंपनीतून ग्राहकांची माहिती चोरीला गेली, त्याच्या तिसऱ्या दिवशी पुण्यातल्या एकाने वकिलाची नोटीस धाडली. आठवडाभरात बाकीचे पुणेकर: इंटरनेटवर एकच तारा, लांबलचक ईमेल, आणि 'यापुढे तुमचा पंप नको'. वाशिम जिल्ह्यातून मात्र एक फोन नाही. तीस वर्षं फवारणीचे पंप विकतोय. बोंबलणाऱ्यापेक्षा गप्प गिऱ्हाइकाची मला जास्त धास्ती. म्हटलं, जाऊनच पाहू.

पुण्याहून ट्रॅव्हल्सने सकाळी वाशिमच्या मालेगावला उतरावं. स्टँडसमोर वीस रुपयांत पोहे मिळतात, वर तर्री मागून घ्या. पुढे रिसोडची एसटी चुकली तर जीप आहे, पण भरल्याशिवाय ती हलत नाही. माझी पाऊण तासाने भरली. दोन्हीकडे सोयाबीन पिवळं पडू लागलं होतं. शेजारची बाई कोणाला तरी फोनवर आपल्या सुनेचा नंबर ओरडून सांगत होती, अख्ख्या जीपला पाठ होईस्तोवर. मनात आलं, इथे माहिती फुटली म्हणून कोणाला काय फरक पडणार!

रिसोडला आमचे विक्रेते अरुणभाऊ. त्यांच्या दुकानात एरवी टेकायला स्टूल मिळत नाही. त्या दिवशी सगळी रिकामी. महिनाभर असंच चाललंय म्हणाले. लोक पंप आमचाच घेतात, पण मालेगावला जाऊन. मी हादरलो. पुण्यात लोकांनी कंपनी सोडली होती. इथे कंपनी शाबूत, आणि माणूस टाकला होता.

कारण जवळच्या रिठद गावात कळलं. अरुणभाऊंच्या मोटरसायकलवर मागे बसून गेलो. त्यांच्या जुन्या गिऱ्हाईक कौसाबाई ओट्यावर डाळ निवडत होत्या. मी हात जोडून म्हणालो, चूक आमची. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"अरुण, मी कागद तुले देला होता, कंपनीले नाही. माह्यं नाव घेऊन चोरटे फोन करून राह्यले. तू काहून नाही आला सांगाले?"

अरुणभाऊंनी पिशवीतून कौसाबाईंच्या आधारची झेरॉक्स काढून त्यांच्या हातात दिली. "चुकलं काकू. आता हे माह्यापाशी नाही, न कंपनीपाशी बी नाही."

आमच्या कॉम्प्युटरवर ती होतीच! वॉरंटीसाठी आधार घ्यायचा नियम माझाच, आणि दुरुस्तीला तो कधी लागला नव्हता. कौसाबाईंनी कागद नीट घडी करून कमरेला खोचला आणि दोघांनाही जेवायला बसवलं. भाकर, ठेचा, वर दही. शेजारचा माणूस आपली झेरॉक्स न्यायला डोकावला आणि अरुणभाऊंना म्हणाला, माहा फोटो इतका वाईट हाय का चोर बी भ्याला आसन.

बाहेर पडल्यावर मी अरुणभाऊंना म्हटलं, खोटं का बोललात? ते गाडी सुरू करत म्हणाले, "मंग तुमी खरं करा ना सायेब."

दिवसभरात सव्वीस घरं झाली. प्रत्येक दारात अरुणभाऊंचं तेच वाक्य, आणि दर वेळी मी मान खाली घालून उभा.

पुण्यात परतल्यावर ती नोटीस आणि सगळे ईमेल पुन्हा वाचले. सगळी कलमं होती; माझी माहिती पुसून टाका, एवढं कोणी लिहिलं नव्हतं. मूळ नोंदी, जादाच्या प्रती, सगळं पुसायला दोन दिवस लागले. मग अरुणभाऊंना फोन केला. मागे दुकानात गलका ऐकू येत होता. कौसाबाई कालच नोझल न्यायला आल्या होत्या म्हणे.

"खरंच पुसलं का, ते विचारलं त्यांनी?"

"कायले विचारतीन? मी सांगतलं होतं ना."