कितवीत गं?

लखनौच्या अलीगंजमधल्या आमच्या गल्लीतल्या मराठी काकांना दुसरा प्रश्नच सुचत नाही. माझी मुलगी नर्सरीत होती तेव्हापासून फाटकाशी उभं राहून तेच: "कितवीत गं?" गल्लीतल्या हिंदी पोरांना तो मराठी नमस्कार वाटायचा, ती पोरंही ओरडायची, "कितवीत, अंकल!" मुलगी पीएच.डी.ला लागली, तरी काका बोटं मोजून म्हणाले, "म्हणजे अठरावी." मला वैताग यायचा.

आता मुलगी बंगळुरूला, गल्लीतली पोरंही पांगली. काल सब्जी घेऊन येताना काकांनी मलाच अडवलं.

"कितवीत गं?"

माझी पन्नाशी उलटलेली. तरी म्हटलं, "दहावीत, काका."

"बोर्डाचं वर्ष. गणिताकडे लक्ष दे."

मी मान हलवली. लखनौत मला 'गं' म्हणणारं दुसरं कोणी उरलेलं नाही.