कॅसेट उलटेपर्यंत

आमच्या घरची आरती मध्येच थांबते.

दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये गणपतीच्या आरत्या आम्ही कॅसेटबरोबर म्हणायचो. बाबांनी त्या शेजाऱ्यांकडून उतरवून घेतल्या होत्या. तिसऱ्या आरतीच्या ऐन मध्यावर कॅसेटची पहिली बाजू संपायची. टेपरेकॉर्डर आतल्या खोलीत, कपाटावर. बाबा आत जायचे, कॅसेट उलटून लावायचे आणि परत यायचे. तोवर आम्ही टाळ्यांचा ठेका सोडायचो नाही. हे थांबणं आरतीतलंच आहे, अशी माझी समजूत होती. पुण्याला आत्याकडे पहिल्यांदा गणपतीला गेलो, तेव्हा त्या जागी मी एकटाच गप्प झालो. "दिल्लीकरांचे सेल संपले," आत्येभाऊ म्हणाला.

बाबा गेल्यावर आम्ही गाझियाबादला फ्लॅट घेतला. सामान आवरताना मी सगळ्या आरत्या, आईची सगळी गाणी फोनवर डाउनलोड केली आणि कॅसेटींचं खोकं टेपरेकॉर्डरसकट कबाडीवाल्याला दिलं.

"एखादी ठेव रे," आई म्हणाली होती.

"आई, सगळं फोनात आहे. आवाजही स्वच्छ."

ती उरलेलं सामान बांधायला लागली. तिला पटलं, असं मी धरून चाललो.

गेल्या हिवाळ्यात आईला अर्धांगवायूचा झटका आला आणि तिचं बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, बोलता येत नसलं तरी कधीकधी गाता येतं, पाठ असलेलं काही लावून बघा. फोनवरची तिची गाणी लावली, ती नुसती ऐकायची; म्हणून आता आरत्यांसाठी आम्ही गणपतीची वाट पाहत होतो.

पहिल्या संध्याकाळी फोन चौरंगाशी ठेवला. आई गायली! दोन आरत्या अख्ख्या. तिसरीत त्या जागी थांबली, चांगल्या हाताने मांडीवर ठेका धरला आणि आतल्या दाराकडे बघत राहिली. फोन पुढे निघून गेला. ती मागून शब्द पकडायला गेली, पण एकही हाताला लागेना.

"आजी बफर होतेय यार," मुलगी हसली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "सॉरी बाबा."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात माझं लक्ष लागेना. दोनदा खुर्चीतून उठलो आणि कुठे जायचं ते न सुचून बसलो. शेवटी लवकर निघून जुन्या कॉलनीतल्या कबाडीवाल्याला गाठलं. "साहब, वो तो कब का गया," तो म्हणाला. टेपरेकॉर्डर आठवत होता त्याला, एवढंच.

त्या संध्याकाळी मी बोट तयार ठेवूनच बसलो. जागा आली, पॉज दाबलं. पण सुरू कधी करायचं? मी घाई केली. आई दचकली आणि तिचा सूर तुटला तो तुटलाच.

"अहो, ठेवा तो फोन," बायको हळूच म्हणाली. "त्यांचं लक्ष दाराकडे आहे, तुमच्या बोटाकडे नाही."

तिसऱ्या दिवशी मी फोन हातात घेऊन आरतीला उभा राहिलो. जागा आल्यावर तो थांबवला आणि आत गेलो. आत ते कपाट नाही, तिथे मुलीचं टेबल आहे. बाबा एवढा वेळ काय करायचे? कॅसेट काढायचे, तिच्यावर फुंकर मारायचे, उलटायचे. मी रिकाम्या तळव्यावर फुंकर मारली. बाहेर टाळ्या चालू होत्या. बटण दाबलं आणि निघालो. दारात पोचायच्या आत आईने ओळ उचलली होती. शब्द अगदी स्पष्ट.

आरती संपली. मी ताम्हनातली आरती तिच्यापुढे धरली. तिने त्यावरून हात फिरवला आणि माझ्याकडे बघितलं.

"कॅसेट?"

इतक्या महिन्यांनंतर बोललेला तिचा पहिला शब्द. बायकोने तोंडावर हात ठेवला.

"आत आहे, आई."

"नीट... ठेव."

"हो," म्हणालो. मुलगी प्रसाद वाटत होती, सगळे खाली बसले. मला बसवेना. मी पुन्हा आतल्या खोलीत गेलो आणि त्या टेबलापाशी नुसता उभा राहिलो.