मास्तरांचे दोन दिवस

आमच्या समोर राहणारे शिंपी, ज्यांना सगळी गल्ली मास्तर म्हणते, त्यांच्या हातात जादू आहे आणि जिभेवर सोमवार. कपडे कधी मिळतील विचारा, "सोमवारी या." सोमवारी जावं तर बाही टेबलावर, कॉलर मशीनवर आणि मास्तर चहाला. कपडा मिळतो बुधवारी. हे दोन दिवस इतके पक्के की त्यावर घड्याळ लावावं. म्हणून गल्लीतला प्रत्येक जण मास्तरांना तारीख सांगताना दोन दिवस अलीकडची सांगतो. माझ्या भाच्याचं लग्न बारा तारखेला होतं. मास्तरांच्या लेखी ते दहालाच लागलं. याला आम्ही खोटं बोलणं म्हणत नाही. शिवताना आत थोडं कापड राखून ठेवतात ना, तसं हे.

ही विद्या गल्लीला शिकवली ती वहिनींनी, म्हणजे मास्तरांच्या बायकोनं. इथे फी शिकवणाऱ्यालाच मोजावी लागली, आणि ती त्यांनी भरपूर मोजली. चौतीस वर्षांच्या संसारात दोघांचं फिरायला जाणं तीनदा ठरलं आणि तीनदा कुणाच्या तरी कोटाच्या अस्तरात अडकलं. तिसऱ्या वेळी तर वहिनी बसच्या खिडकीत बसलेल्या आणि मास्तर दुकानात काजं करत बसलेले. कंडक्टरनं घंटी मारल्यावर त्या बिचाऱ्या उतरल्या.

तर त्यांच्या लेकीनं या खेपेला आईबाबांसाठी जहाजाची चार दिवसांची सहल काढली. मोठं जहाज, आत म्हणे बाजारपेठसुद्धा. वहिनी जिन्यात मला गाठून म्हणाल्या, "भाऊजी, हे आले तर आले. नाहीतर मी एकटी चढणार. तिकीट माझ्या फोनमध्ये आहे." मी हसलो. पण त्यांनी बॅग आणली होती ती एका माणसाचीच, लहानशी.

लेकीनं जहाज कंपनीचे नियम फोनवर धाडले. वहिनींनी ते मास्तरांच्या बेतायच्या खाकी कागदावर मोठ्या अक्षरांत उतरवले आणि मशीनच्या वर टाचणीनं लावले. लशीचा शेवटचा डोस जहाजात चढण्याच्या किमान चौदा दिवस आधी घेतलेला हवा. तपासणी चढण्याच्या आधीच्या दोन दिवसांतलीच हवी, चढायचा दिवस धरायचा नाही. दोन्हीचे कागद छापील. आणि खाली दोन रेघा मारून: चढायचं गुरुवारी, एकोणीस तारखेला.

मास्तरांनी मला हाक मारली. मला गल्लीत भोंगा म्हणतात. का, ते एव्हाना कळलं असेल.

"अहो भोंगाशेठ, वाचा जरा. वर म्हणतात आधी करा, आधी करा. खाली म्हणतात फार आधी करू नका. कंपनीचा मालक एकच आहे ना?"

"एकच असेल. पण नवराबायको मिळून चालवत असतील."

"थट्टा सोडा. लस टोचली तर परत तपासणी कशाला? आणि तपासणीत काही निघालं नाही, तर लस कशाला?"

मला उत्तर ठाऊक नव्हतं, त्यामुळे मी लगेच दिलं. "लस जहाजासाठी आणि तपासणी बंदरासाठी. खाती वेगळी."

आतून वहिनी आल्या. "काही सांगू नका हो त्यांना. अहो, लोकर शिवायच्या आधी भिजवून का ठेवता?"

"आटायची ती आधीच आटावी म्हणून. वेळ द्यावा लागतो तिला."

"ती लस. आणि इस्त्री कधी मारता?"

"गिऱ्हाईक दारात आलं की. आधी मारून ठेवली तर चुरगळते."

"ती तपासणी."

मास्तरांनी कागदाच्या दोन्ही ओळींवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "मग असं सरळ लिहायचं ना!"

समजणं वेगळं आणि उठून जाणं वेगळं. मास्तरांचा शेवटचा डोस राहिला होता. एकोणीसच्या चौदा दिवस आधी म्हणजे पाच तारीख. पाचला एका वकिलाचा कोट आला. सहाला त्याच वकिलाची विजार आली. मास्तर दवाखान्यात गेले सातला. परत आले आणि गळ्यातला टेप टेबलावर पसरून सातवर एक बोट नि एकोणीसवर दुसरं बोट ठेवलं. बारा.

"अहो, बाराच भरतात!" त्यांना घाम फुटला.

मीही मोजले. बाराच.

वहिनी भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "चौदा भरतात. काळजी करू नका."

"अगं, बारा!"

"चौदा."

"टेप काय खोटं बोलतो का?"

"टेप नाही बोलत खोटं," वहिनी म्हणाल्या आणि भाजी घेऊन आत गेल्या.

झालं! आम्ही दोघं बाप्ये डोकं धरून बसलो. मास्तर म्हणाले, कदाचित दोन्ही टोकांची शिलाई धरत असतील. मी म्हणालो, समुद्रावर दिवस लांब असतो, तिथलं माप वेगळं असणार. कॅलेंडर उलटं धरूनही मोजून पाहिलं. त्या आठवड्यात मास्तरांनी एका सदऱ्याला दोन डाव्या बाह्या लावल्या. आणि मी, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, त्यातला. रोज सकाळी दारातून विचारायचो, "काय मास्तर, बारा दिवसांत लस कुठवर पोचते? कोपरापर्यंत? वहिनी वरून रुमाल हलवतील बरं का. आपण दोघं खाली शेंगदाणे खात उभे राहू."

थट्टा लागली. कशी लागली ते मंगळवारी कळलं. सतरा तारखेला सकाळी आठ वाजता मास्तरांच्या दुकानाला कुलूप! गल्लीला वाटलं कुणीतरी गेलं. मास्तर गेले होते तपासणीला, एकटे, रांगेत पहिले. नाकात काडी घालून घेऊन, डोळे पुसत, पावती झेंड्यासारखी धरून परत आले.

वहिनींच्या हातातला डाव खाली पडला. "आज? आज कशाला गेलात?"

"आज कशाला म्हणजे? आधीच्या दोन दिवसांतली हवी. मंगळवार नाहीतर बुधवार. म्हटलं, या खेपेला पहिलाच दिवस गाठायचा."

"अहो पण तुम्ही... तुम्ही तर गुरुवारी गेला असता!"

"गुरुवारी तर जहाज आहे."

वहिनी मटकन स्टुलावर बसल्या. मला वाटलं, नवरा सुधारला म्हणून भरून आलं. मी तसं गल्लीभर सांगूनही आलो. माझी बातमी पहिल्यांदाच इतकी चुकली.

बुधवारी कागद आला. त्यावर निगेटिव्ह बघून मास्तर आधी हबकले, मग मी समजावल्यावर त्यांनी मला खुशीनं चहा पाजला. वहिनी मात्र "मी जाते नंतर" एवढंच म्हणत राहिल्या.

गुरुवारी पहाटे मला बॅगा उचलायला बोलावणं आलं. जाऊन बघतो तर मास्तर नव्या कोटात. चौतीस वर्षांत स्वतःसाठी शिवलेला पहिला कोट, आणि तोही ठरल्या दिवशी पुरा! वहिनी मात्र घरच्या कपड्यांत, हातात चहा.

"अहो, जरा बसा."

"बसायला वेळ कुठे आहे?"

"आहे. दोन दिवस आहे." कप खाली ठेवून त्या म्हणाल्या, "जहाज शनिवारी आहे. एकवीस तारखेला. मी तुम्हाला दोन दिवस अलीकडची तारीख सांगितली. लस तुम्ही दोन दिवस उशिरा घेतलीत, तिथे माझा हिशेब बरोबर बसला. सात नि चौदा, एकवीस. म्हटलं, तपासणीलाही तसंच होईल. आणि तुम्ही नेमके वेळेवर गेलात. शनिवारच्या जहाजाला मंगळवारचा कागद चालत नाही."

मास्तर उभेच. "मंगळवारीच का नाही सांगितलंस?"

"तुम्ही वेळेवर आला होतात. काय बोलावं तेच सुचेना. दोन दिवस नुसतं बघत बसले."

"म्हणजे चौतीस वर्षं मला सगळ्या तारखा..." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे. "आणि आपल्या लग्नाची?"

"ती तुमच्या आईंनी सांगितली होती."

"खरी?"

"त्यांनी चार दिवस धरले होते."

मास्तरांनी कोट काढला, हँगरला लावला, खिळ्याला अडकवला. "तू जा. मी येत नाही. जन्मात एकदा वेळेवर गेलो, तर तेही चुकलं."

वहिनींनी आपली लहान बॅग पायाशी ओढून घेतली. बसमधून उतरल्या तेव्हाही अशीच ओढली असणार. मास्तर त्या बॅगेकडे बघत राहिले, मग मशीनवरच्या खाकी कागदाकडे.

"आज केलेली तपासणी चालेल?"

"आजची चालेल, उद्याचीही चालेल. पण छापील कागद मिळायला एक दिवस जातो. तेव्हा आजचीच."

"बरं. मग वकिलाची विजार तेवढी संपवतो आणि दुपारी..."

वाक्य तिथेच थांबलं. वहिनींनी नुसतं पाहिलं. मास्तरांनी हँगरवरून कोट काढला.

"इस्त्री मोडली म्हणायची. परत मारू. चल, आत्ताच चल."

तपासणी केंद्रात खिडकीवरच्या माणसानं विचारलं, "जहाज कधीचं?" मास्तर म्हणाले, "हिला विचारा. आणि हिनं सांगितलं तरी तिकीट बघा."

शुक्रवारी संध्याकाळी दोघांचे कागद हातात पडले आणि शनिवारी मी त्यांना सोडायला बंदरावर गेलो. टेबलापाशी बसलेली मुलगी वहिनींचे कागद चटकन बघून मास्तरांच्या लशीच्या कागदावर अडली. बोटांवर मोजू लागली. एकदा मोजलं, पुन्हा मोजलं. मास्तरांचा चेहरा बाराचा झाला.

"सातला डोस, आज एकवीस. चौदा. अगदी काठावर बसलात हो काका! आणखी एक दिवस गेला असता तर परत पाठवावं लागलं असतं. इतकं नेमकं कुणी मोजून दिलं?"

"मोजलं हिनं," मास्तर म्हणाले. "उशीर मी केला."

मुलीला काही कळलं नाही. तिनं शिक्का मारला. वहिनी तोवर बॅग घेऊन शिडीवर निम्म्यापर्यंत पोचल्या होत्या, मागे वळूनही न बघता. मास्तर त्यांच्यामागे धावले. त्यांना धावताना मी त्या दिवशी प्रथम पाहिलं. नव्या कोटाच्या पाठीवर पांढऱ्या दोऱ्याचे कच्चे टाके तसेच होते. वेळेवर पुरा करायच्या नादात काढायचे राहिले असणार.