मामेसासऱ्यांचे कान

ऐकलं नसताना ‘ऐकू आलं नाही’ म्हणणं हे तसं पाहिलं तर खरंच बोलणं. तरीही माझ्या हातून झालेल्या मूर्खपणांची यादी केली, आणि ती चांगली लांबलचक आहे, तर पहिला नंबर त्या एका ‘नाही’चाच लागेल. मी तेव्हा बावीस वर्षांची. लग्न होऊन सांगलीहून काशीत आलेली, आणि बी.ए.ला दुसरा वर्ग मिळाल्यामुळे जगातलं बरंचसं आपल्याला कळतं अशा समजुतीत वावरणारी. ते ‘नाही’ मी सांगितलं माझ्या मामेसासऱ्यांना. घाटावर शंख फुंकणाऱ्यांपासून गाणं शिकवणाऱ्या बुवांपर्यंत अख्ख्या काशीत, निव्वळ कानांवर जगलेला असा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मामा रेल्वेत होते, पण ती नोकरी पोटापुरती. कुणाच्याही घरी गेले की उंबऱ्यातच थांबून ते एक टाळी वाजवायचे. ती देवासाठी नसे, खोलीसाठी असे. टाळीचा आवाज भिंतीवरून कसा परततो ते मान वाकडी करून ऐकायचे आणि मग त्या घराबद्दलचं मत ठरवायचे. आमच्याकडे सत्यनारायणाला आले तेव्हाही टाळी वाजवली आणि माझ्या सासूबाईंना, म्हणजे त्यांच्या थोरल्या बहिणीला म्हणाले, “अक्का, समोरच्या भिंतीवर गोधडी टांग. पोथी दोनदा ऐकू येतेय.” सासूबाई निरंजनात वात घालता घालता म्हणाल्या, “येऊ दे. दुप्पट पुण्य.”

त्यांचं घर पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर. स्टिरिओ हा शब्दही काशीत नवा होता त्या काळात मामांनी घरी स्पीकर बनवले होते. खोकी दुहेरी फळ्यांची, आणि मधल्या पोकळीत रेती, म्हणजे लाकूड स्वतः गुणगुणत नाही. ती रेती गंगेच्या पलीकडच्या काठावरचीच हवी. तीन खेपा झाल्यावर नावाड्यानं विचारलं, “पंडितजी, ई कौन पूजा होत बा?” मामा म्हणाले, “कान की.” त्यानं नदीला हात जोडले आणि चौथ्या खेपेला स्वतःहून घमेलं उचललं. दोन्ही स्पीकरांपासून बरोबर सारख्या अंतरावर एक पाट मांडलेला असे, भोवती खडूची रेघ. खरं गाणं त्या पाटावरच ऐकू येतं, त्यामुळे चार पाहुणे आले तर तिघं चहा घेत बसायचे आणि एक जण पाटावर. नंतर परीक्षा असे. “टाळ ऐकला?” हो म्हटलं की, “डावीकडे की उजवीकडे? पखवाजाच्या पुढे की मागे?” मामी स्वयंपाकघरातून म्हणायच्या, “नाही म्हणा हो. नाही म्हटलं की सोडतात.” हा सल्ला मी नको इतका मनावर घेतला.

त्या हिवाळ्यात मामांच्या एका लाडक्या रेकॉर्डमधला टाळ नाहीसा झाला. मराठी भजनाची रेकॉर्ड होती. दुसऱ्या कडव्यापासून मागे अगदी बारीक टाळ वाजतो. तो त्यांना ऐकू येईना. त्यांनी सुई बदलली, तारा बदलल्या, खोकी उघडून रेती उन्हात वाळवली. टाळ काही परत आला नाही. आता दोनच शक्यता होत्या: रेकॉर्ड झिजली, किंवा मामांचे कान गेले. याच सुमाराला छावणीतल्या एका मोठ्या हॉटेलात विलायती यंत्रांचं प्रदर्शन भरलं. तिथल्या सगळ्यांत उत्तम यंत्रावर ती रेकॉर्ड लावायची आणि सोबत एक तरुण कान न्यायचा, असं मामांनी ठरवलं. मामींना नेलं असतं तर त्यांनी पटकन खरं सांगून टाकलं असतं. बहुधा म्हणूनच माझी निवड झाली. हे सगळं मला पुष्कळ नंतर मामींनी सांगितलं. त्या दिवशी मला एवढंच ठाऊक होतं, की हॉटेल बघायला मिळणार. मी लग्नातला शालू नेसले.

हॉटेलात एकेका कंपनीला एकेक खोली होती आणि प्रत्येक खोलीत जाड गालिचा. मामांनी पहिल्या दारातच चपला काढल्या. “आत नाद आहे,” म्हणाले. मीही काढल्या. त्यांनी टाळी वाजवली, तसे खोलीतले सगळे टायवाले वळून बघू लागले. पहिल्या यंत्राचा आवाज पंगतीत सगळे एकदम बोलायला लागावेत तसा. दुसऱ्याचा फार शुद्ध, पण सोवळ्यातल्या माणसासारखा अंग चोरून राहणारा, कुणाला शिवणार नाही असा. तिसरं यंत्र कानाला काही सांगतच नव्हतं, सरळ पोटात बुक्क्या मारत होतं. मामा प्रत्येक ठिकाणी मला “काय वाटलं?” विचारत आणि मी “छान” म्हणत असे. नव्या सुनेनं आमटीला जे म्हणायचं तेच मी लाख लाख रुपयांच्या यंत्रांना म्हणत होते.

शेवटच्या खोलीत दोन उंच, सडपातळ स्पीकर उभे होते. मामांनी पिशवीतून रेकॉर्ड काढली. धुतलेल्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेली होती. गाणं सुरू झालं आणि मामांनी डोळे मिटले. माझे मात्र सताड उघडे होते. कोपऱ्यात एक बाई उभ्या होत्या, कापलेले केस, बिनबाह्यांचं पोलकं. हे केस ओले झाल्यावर कसे दिसत असतील, सासूबाईंनी ते पोलकं पाहिलं तर काय म्हणतील, या विचारात तीन कडवी निघून गेली.

“सूनबाई, टाळ ऐकलास?”

हो म्हटलं असतं तर डावीकडे की उजवीकडे हे आलंच. मी म्हणाले, “नाही, मामा.”

मामांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, उत्तर बरोबर आलं. ते विक्रेत्याला म्हणाले, “देखिए, रेकॉर्ड घिस गया है. मंजीरा निकल गया.” तो बिचारा गोंधळून म्हणाला, “नहीं साहब, मंजीरा तो साफ़ बज रहा है.” मामा हसले. “आप बेचनेवाले हैं, आपको तो सुनाई देगा ही. हमारी बहू ने नहीं सुना.” परतताना चौकात त्यांनी मला दोन कुल्हड मलइयो, म्हणजे थंडीतला केशरी दुधाचा फेस, खायला घातलं आणि वाटेत एका भिंतीला उगीचच टाळी ऐकवली.

मग भाद्रपद आला. आमच्या मराठी मंडळींच्या गणेशोत्सवात लाउडस्पीकर सांभाळणं हे मामांचं वर्षानुवर्षांचं काम. दुपारी बायकांचं भजन सुरू झालं. मामांना टाळ कमी वाटला. त्यांनी बारीक, किणकिणते आवाज चढवायचं बटण थोडं फिरवलं, आणखी थोडं फिरवलं, शेवटी टोकापर्यंत नेलं. मांडवात सुया टोचल्यासारखा आवाज भरला. पेटीवाल्या काकूंनी हात उचलला. बाहेरून पानवाला ओरडला, “का गुरु, कान फोड़बा का?” मामांनी मान वर करून मांडवभर पाहिलं. सगळ्यांचे हात कानांवर होते. मोकळे होते ते फक्त त्यांचे. त्यांनी बटण मागे आणलं, शेजारच्या जोशांना म्हणाले, “तुम्ही बसा जरा,” आणि मागच्या सतरंजीवर जाऊन बसले. पुढचं भजन त्यांनी, बहिऱ्यानं बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघावं तसं, गाणाऱ्या बायकांकडे बघत ऐकलं.

आरतीनंतर मी त्यांच्याजवळ गेले आणि त्या हॉटेलातलं सगळं सांगून टाकलं; पोलकंसुद्धा. वाटलं, रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी प्रसादाची वाटी सतरंजीवर ठेवली.

मग म्हणाले, “पौषापासून आठ महिने माझे कान शाबूत होते, ते तुझ्यामुळे. आता यापुढे पाटावर तू बसायचंस. खोटं सांगितलंस तरी चालेल, सूनबाई, पण ऐकून सांग.”