किती टोकं?

किल्लीवाले काका खोटं बोलले, आणि तेही स्वतःच्या बोटांबद्दल. ज्या बोटांनी आयुष्यभर पोट भरलं त्यांच्यावरच आळ घेतला! सांगून कुणाला खरं वाटायचं नाही, पण त्याला कारण होतं.

काकांचं दुकान म्हणजे जिन्याखालची खोबण. कानशींचा डबा, भिंतीवर बिनदातांच्या कोऱ्या किल्ल्या, पुढे एक फळी. गिऱ्हाईक जुनी किल्ली फळीवर ठेवायचं, काका नवी किल्ली फळीवर ठेवायचे, काम खलास. बायको होती तोवर घरी गेलं की पाठीवर थाप बसायची, "अहो, काय ते पोक! सरळ बसा की." ती गेली आणि काका पोक काढायला मोकळे झाले. मुलगा परगावी. भला पोरगा, नेमाने फोनवर तोंड दाखवायचा, पण फोनमधून हात काही बाहेर येत नाही. एकदा न्हाव्याने दाढी करताना हनुवटी धरून मान वळवली, तर काकांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. साबण गेला म्हणाले.

असेच एकदा इस्पितळात चष्म्याचा नंबर बदलायला गेले, तर पाटी दिसली. वयाबरोबर स्पर्श कसा बदलतो ते तपासायचंय, म्हातारी माणसं हवीत. नंबर राहिला बाजूला, काका तसेच वरच्या मजल्यावर गेले.

वर एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी काकांना डोळे मिटायला सांगितलं, हात हातात घेतला आणि कंपाससारख्या यंत्राची कधी एक, कधी दोन बोथट टोकं बोटाला लावून विचारू लागल्या, "किती टोकं?"

बाई बोलक्या. "काका, कातडीखाली स्पर्श टिपणारी बारीक बारीक ग्राहकं असतात. कुणाला दाब कळतो, कुणाला थरथर. ती मज्जातंतूवरून निरोप धाडतात. एका चेतापेशीने दुसरीला द्यायचा, मधली फट रसायनाने ओलांडायची, असं करत तो मेंदूत पोचतो."

"म्हणजे बोटाला काही कळतच नाही?"

"बोट नुसतं कळवतं. कळतं मेंदूला. बोटांवर ग्राहकांची दाटी, म्हणून मेंदूतही बोटांना ऐसपैस जागा. पाठीच्या वाट्याला मात्र अडगळीची खोली. दोन बोटांच्या अंतरावर टोकं लावली, तरी पाठ म्हणते एकच आहे."

मग त्यांनी मऊ ब्रश काकांच्या हातावरून सावकाश फिरवला. काही तंतू फार मंद असतात म्हणाल्या. कुठे लागलं, किती लागलं, याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. असा संथ हात फिरला की मेंदूला तेवढं कळवतात, कुणीतरी मायेने कुरवाळतंय.

"ब्रशला कुठली आलीय माया?" काका म्हणाले.

"तंतूंना ते माहीत नसतं, काका."

काकांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. बरं वाटत होतं, इतकं बरं की लाज वाटावी.

"आता थोडंच राहिलंय," बाई पुन्हा यंत्र घेत म्हणाल्या. "तेवढं बरोबर आलं की तुमची सुटका."

सुटका! काकांना कुठे हवी होती?

"किती टोकं?"

दोन होती. एकमेकांपासून चांगली लांब.

"एक," काका म्हणाले.

बाईंनी पुढच्या आठवड्यात परत बोलावलं. काका नवा सदरा घालून गेले. बाई हसल्या, "आत्ता टोचत असेल. घटकाभराने अंगावर आहे हेसुद्धा विसराल. जो स्पर्श बदलत नाही, त्याच्याकडे मेंदू लक्षच देत नाही." काका हसले, आणि पुन्हा खोटं बोलले. त्याच्या पुढच्या खेपेलाही तेच. हाताला वीज लावून पाहिली, तर निरोप तंतूंवरून सुसाट धावत होता. मग बाईंना मेंदूचीच शंका आली. "आपण मेंदूचा फोटो काढू हं, घाबरू नका," असं म्हणताना त्यांचा आवाज हळवा झाला. काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण तोंड उघडेना. कुणीतरी आपली काळजी करतंय, हे सोडवत नव्हतं.

त्या दिवशी ब्रश कुलूपबंद खणात होता. बाई खण उघडायला गेल्या, तर किल्ली फिरेना.

"आणा इकडे." काकांनी डोळे मिटून किल्लीच्या दातांवरून तर्जनी फिरवली. "हं, तिसऱ्या दाताला केसाएवढी कोर आलीय." खिशातून कानस काढून जरा घासलं, किल्ली लावली, खण उघडला. खुशीत मान वर केली, तर बाई त्यांच्याकडे टक लावून बघत होत्या.

"केसाएवढी कोर कळते," त्या म्हणाल्या, "आणि एवढाली दोन टोकं कळत नाहीत?"

काकांनी जीभ चावली. मग म्हणाले, "कळतात. पहिल्या दिवसापासून कळतात."

"मग खोटं का बोललात? मी इकडे काळजीने पुस्तकंच्या पुस्तकं पालथी घालतेय!"

"इथे कुणीतरी हात लावतं, बाई."

बाई चिडल्या होत्या, आणि का चिडू नये? तुमची सगळी मोजणी आता काढून टाकावी लागणार म्हणाल्या, आणि यापुढे येऊ नका. बरोबर आहे, काका म्हणाले. दुसरं काय म्हणणार! उठले आणि नेहमीपेक्षा जास्त वाकून दाराकडे निघाले.

दारात पाठीवर एक तळवा टेकला. ब्रश नव्हे, यंत्र नव्हे.

"किती?" मागून बाईंनी विचारलं.

"पाच."

"पुन्हा खोटं. पाठीला एवढं मोजता येत नाही."

"मोजलं कुठे?" काका म्हणाले.

हात निघाला. मागे दार लागलं.

बसमध्ये बसायला जागा मिळाली. काका ताठ बसले, आणि घर येईपर्यंत त्यांनी पाठ कशालाही टेकू दिली नाही.