कोरीआजींचा पडदा

भूतखेत, करणी, अंगात येणं... या विषयांवर आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर सगळ्यात जास्त टिंगल कोणी केली असेल तर ती मी. चौकात उतरवून टाकलेलं लिंबू दिसलं की मुद्दाम त्यावर पाय देऊन जाणारा माणूस, तेही लोक बघत असताना. त्यामुळे या सदरात आपण कधी काही लिहू असं स्वप्नातही आलं नव्हतं. आणि आजही भीती वाटली म्हणून लिहीत नाहीये. लाज वाटते म्हणून लिहितोय.

आम्ही नेदरलँड्समध्ये ब्रेडाला राहतो – मी, माझी बायको प्राजक्ता आणि आठ वर्षांची इरा. मी एका लॉजिस्टिक्स कंपनीच्या आयटीत आहे. स्टेशनपासून सायकलने बारा मिनिटांवर एकाला एक चिकटलेल्या घरांची रांग आहे, त्यातलं शेवटून दुसरं घर आमचं. शेवटचं कोरीआजींचं.

त्याआधी आम्ही तीन वर्षं बँकॉकला होतो. तिथेही हाच वाद – थाई शिकायची की नाही? प्राजक्ता खाली फळं कापून विकणाऱ्या बाईंशी बोलून बोलून बऱ्यापैकी थाई शिकली. मी म्हटलं, तीन वर्षांसाठी कोण ती लिपी गिरवत बसणार! फोनमध्ये ट्रान्सलेटर आहे, बोट दाखवायला हात आहे. आणि निभावलं की हो. मग इथे आल्यावर तर काय, दूध आणायला जावं तर काउंटरवरची पोरगीसुद्धा माझ्यापेक्षा बरं इंग्लिश बोलते. आमच्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणी नवीन आलं की हमखास विचारतं, ‘डच शिकावं का?’ आणि सगळ्यांच्या आधी माझं उत्तर तयार – ‘अजिबात गरज नाही. पाच वर्षं झाली, माझं कुठे घोडं अडलंय?’

माझी डच म्हणजे मोजून सहा शब्द. त्यातले सगळ्यात उपयोगी ‘याऽ, याऽ’ म्हणजे हो, हो, आणि ‘नातूरलक’ म्हणजे अर्थातच. समोरचा काहीही बोलो, हसरा चेहरा ठेवायचा, नंदीबैलासारखी मान हलवायची आणि म्हणायचं – याऽ, याऽ, नातूरलक. समोरचा खूश होऊन निघून जातो. हा माझा शोध मी ऑफिसात नव्या पोरांना मोठ्या अभिमानाने सांगायचो!

कोरीआजींना इंग्लिश येत नव्हतं. ऐंशीच्या पुढच्या, सडपातळ, ताठ. कचऱ्याचा डबा रस्त्यावर ठेवायला निघाल्या तरी ओठांना लिपस्टिक आणि केस विंचरलेले. कोरीआजी हे नाव प्राजक्ताने ठेवलेलं. इरा त्यांना ‘ओमा’ म्हणायची, म्हणजे आजीच. मला त्या ‘ब्यूरमान’ म्हणायच्या, म्हणजे शेजारी. आम्ही ऑफिसात असताना आलेली पार्सलं त्या घ्यायच्या, आमचा रिकामा डबा आत ओढून ठेवायच्या. मी समोर दिसलो की थांबून दोन-तीन मिनिटं बोलायच्या. मी माझं याऽ याऽ करून सटकायचो.

मार्चमधल्या एका शनिवारी सकाळी बेल वाजली. दारात कोरीआजी. नुकतंच त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं, हातात काठी होती. त्यांनी माझ्या तळहातावर एक किल्ली ठेवली, लाल फीत बांधलेली. मग बोलायला लागल्या. नेहमीपेक्षा सावकाश, माझ्या डोळ्यांत बघत. आपल्या खिडकीकडे बोट दाखवलं. पडदा सरकवल्यासारखा हात हलवला. मनगटावरच्या घड्याळावर टिचकी मारली आणि बोटं दाखवली, नऊ. मग किल्लीवर बोट. मग पुन्हा खिडकी.

मी म्हटलं, “याऽ, याऽ. नातूरलक.”

त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. डोळ्यांत पाणी आलं होतं त्यांच्या. मला वाटलं, वय झालंय, होतात माणसं हळवी.

“काय म्हणत होत्या रे?” प्राजक्ताने आतून विचारलं.

“काही नाही गं. गावाला जातील तेव्हा झाडांना पाणी घालायचं असेल.”

“असेल म्हणजे? इराला विचारायला पाठव ना, तिला येतं की डच.”

“आता आठ वर्षांच्या पोरीला दुभाषी म्हणून नेऊ? राहू दे.”

किल्ली मी स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये टाकली. रबर बँड, जुने चार्जर, पिझ्झावाल्याची पत्रकं असतात ना, त्या ड्रॉवरमध्ये. विषय संपला.

ऑगस्टमध्ये शाळेला सुट्टी म्हणून प्राजक्ता आणि इरा पुण्याला गेल्या. माझी रजा संपली होती, मी एकटाच. सोमवारी सकाळी साडेआठ-पावणेनऊला सायकल काढताना दिसलं, कोरीआजींच्या पुढच्या खिडकीचा पडदा बंद. इथे लोक दिवसभर पडदे उघडे ठेवतात, आतला सोफा, कुंड्या, मांजर, सगळं रस्त्यावरून दिसतं. कोरीआजींचा तर सकाळी लवकरच उघडलेला असायचा. मनात आलं, आज म्हाताऱ्या बाई उशिरा उठल्या वाटतं. संध्याकाळी आलो तेव्हाही बंद. मग आठवली ती किल्ली. अरेच्चा, गेल्या वाटतं गावाला, म्हणजे आता झाडांना पाणी घालायला हवं! पण पाय दुखत होते, मॅच लागली होती. म्हटलं, एका दिवसात काही झाडं मरत नाहीत.

मंगळवारी मी घरून काम करत होतो. दुपारी पाऊण वाजता रिकामा डबा आत घ्यायला बाहेर आलो. लख्ख ऊन होतं. समोरच्या घरी कोणीतरी शिडी लावून खिडक्या पुसत होतं. आणि आमच्या दोन घरांमधल्या कमरेएवढ्या कुंपणापाशी कोरीआजी उभ्या होत्या.

अंगात निळसर झोपायचा गाऊन. केस विस्कटलेले. लिपस्टिक नाही. आणि एका पायात सपात, दुसरा पाय अनवाणी. इतक्या वर्षांत मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

त्या म्हणाल्या, “काल सकाळपासून पडदा बंद आहे. किल्ली तुझ्याकडेच आहे ना? मग अजून आत का आला नाहीस?”

आवाजात राग नव्हता. आईने विचारावं तसं विचारलं.

मी हसलो, मान हलवली. म्हटलं, “याऽ, याऽ, नातूरलक,” आणि घड्याळ दाखवलं. एक वाजता माझा कॉल होता. मनात म्हटलं, मीटिंग झाली की येतो.

“बरं,” त्या म्हणाल्या. “मीटिंग झाली की ये. मी वाट बघते.”

मी डबा ओढत आत गेलो.

कॉल सुरू झाल्यावर, पाच-दहा मिनिटांनी असेल, माझ्या डोक्यात लख्खकन आलं – अरे, मला सगळं कळलं! एकूण एक शब्द. त्या इंग्लिशमध्ये बोलल्या का? नाही. मराठीत? छे, काहीतरीच. डचमध्येच बोलत असणार, पण मला आवाज आठवेना, शब्द आठवेनात. नुसता अर्थ मनात राहिला होता. आणि मीटिंगचं तर मी तोंडाने बोललोच नव्हतो... खुर्चीवरून उठून खिडकीतून पाहिलं. कुंपणापाशी कोणी नव्हतं. पडदा बंदच.

आता इथे मी तुम्हाला सांगू शकलो असतो की मग मी धावत गेलो. नाही गेलो.

काय काय कारणं शोधली म्हणून सांगू! त्या चालत बाहेर आल्या, म्हणजे बऱ्या आहेत. घरीच आहेत, म्हणजे झाडांचाही प्रश्न नाही. आत गेलो तर कॉफी देतील, तासभर बसवतील, आणि मी याऽ याऽ करत राहणार. तीनला कॉल संपला, साडेतीनला दुसरा होता. पाचला वाटलं, आता जावं. ड्रॉवर उघडला, किल्ली हातात घेतली... आणि परत ठेवली. खरं कारण ते कॉफीचं नव्हतंच. आपल्याला कळलं या गोष्टीलाच मी टरकलो होतो. न कळण्याची मला सवय होती. त्यात कसं, वेड पांघरून पेडगावला जाता येतं. कळलं की जावं लागतं.

बुधवारी सकाळी अँब्युलन्स आली. आजींचा मुलगा यान दूर उत्तरेला राहतो. दोन दिवस आई फोन उचलत नाही म्हणून पहाटेच गाडी काढून आला होता. कोरीआजी पलंग आणि बाथरूमच्या मध्ये पडल्या होत्या. सोमवारी सकाळीच पडल्या होत्या. खुबा पुन्हा मोडला होता. डॉक्टरांनी यानला सांगितलं, त्यानंतर त्या जागेवरून वीतभरही हलू शकल्या नसतील. अंगात निळा गाऊन. एक सपात पायात, एक पलंगाखाली.

हॉस्पिटलमध्ये त्या तीन दिवस जगल्या.

त्या गेल्यानंतरच्या रविवारी यान आमच्याकडे आला. साठीचा, भला मोठा माणूस, आमच्या सोफ्यावर अंग चोरून बसला. चहा घेतला. इंग्लिशमध्ये म्हणाला, “ती किल्ली तुझ्याकडे असेल ना?” मी ड्रॉवरमधून काढून दिली. तो लाल फीत बोटाभोवती गुंडाळत राहिला.

“ऑपरेशननंतर तिने एकटीने राहू नये असं मला वाटत होतं,” तो म्हणाला. “वृद्धांच्या होममध्ये जागाही बघितली होती. ती म्हणाली, गरज नाही, मी शेजाऱ्याशी बोलले आहे. नऊपर्यंत माझा पडदा उघडला नाही तर तो किल्लीने दार उघडून आत येईल. मी विचारलं, त्याला कळलं का नीट? तर म्हणाली, लगेच कळलं. लगेच हो म्हणाला. फार चांगला माणूस आहे.”



“मग मी निर्धास्त झालो,” यान म्हणाला. “माझीच चूक. मी स्वतः तुझ्याशी बोलायला हवं होतं. भाषेचा घोटाळा झाला, दुसरं काय. तू मनाला लावून घेऊ नकोस.”

एवढं बोलून तो उठेल असं वाटलं. पण तो बसूनच राहिला.

“एक गोष्ट मला कळत नाही,” तो म्हणाला. “हॉस्पिटलमध्ये ती शुद्धीवर आली तेव्हा पुन्हा पुन्हा एकच सांगत होती. शेजारी येतोय, त्याची मीटिंग झाली की येतोय. नर्सला म्हणाली, दार लावू नका. तू... मंगळवारी तिच्याशी बोलला होतास का? फोनवर वगैरे?”

मंडळी, तोंडात मारल्यासारखं झालं. त्या क्षणी सगळं सांगता आलं असतं. माणूस समोर बसला होता, आई जाऊन दोन दिवस झाले होते, आणि त्याला फक्त एवढंच जाणून घ्यायचं होतं की आई शेवटी कोणाची वाट बघत होती.

मी म्हटलं, “नाही. कसं बोलणार? तिला इंग्लिश येत नव्हतं आणि मला डच येत नाही.”

“हो, ते आहेच,” यान म्हणाला. जाताना त्याने माझ्याशी हात मिळवला. तोही बराच वेळ सोडला नाही. आईसारखाच.

प्राजक्ता परत आल्यावर खूप रडली. इराने विचारलं, “बाबा, हाऊ कम नोबडी वेंट टू ओमा?” नेहमीसारखं इंग्लिशमध्ये. मी तिलाही तेच सांगितलं, मला समजलं नाही ना बेटा, काय म्हणत होत्या ते. त्यावर प्राजक्ता म्हणाली, “जाऊ दे रे, मीही नीट विचारलं नाही. आपल्या दोघांचंही चुकलं.” तिलाही मी ती चूक दोघांमध्ये वाटून घेऊ दिली.

आता मी डचच्या क्लासला जातो, आठवड्यातून दोनदा. पहिल्या दिवशी बाईंनी प्रत्येकाला विचारलं, डच का शिकायचंय? कोणी म्हणालं नागरिकत्वासाठी, कोणी नोकरीसाठी. मी म्हटलं, शेजाऱ्यांसाठी. बाईंना ते फार आवडलं. वर्गात सगळ्यांनी कौतुकाने माझ्याकडे बघितलं तेव्हा उठून निघून जावंसं वाटलं. ग्रुपवर परवा एका नव्या मुलीने विचारलं, ‘डच शिकावं का?’ लोक माझ्या उत्तराची वाट बघत होते. मी फोन उलटा करून ठेवला.

खूप विचार केला. हलूही न शकणारी बाई कुंपणापाशी कशी आली? सहा शब्द येणाऱ्या माणसाला तिचं बोलणं कसं कळलं? माझ्या मनातली मीटिंग तिला कशी कळली, आणि ती हॉस्पिटलपर्यंत कशी लक्षात राहिली? समोरच्या घरी खिडक्या पुसणाऱ्याला गाठून विचारलं, त्या दिवशी कुंपणापाशी कोणी दिसलं का. म्हणाला, तू दिसलास, एकटाच, हसत मान हलवत होतास. या कशाचंही उत्तर माझ्याकडे नाही, आणि मिळेल असंही वाटत नाही. मी का गेलो नाही, याचं तेवढं आहे.

सगळे मला भाषेच्या नावाखाली माफ करून मोकळे झालेत. आणि आज हे लिहायला बसलो तर तेही मराठीत, यानला कधीच वाचता येणार नाही अशा भाषेत. म्हणजे बघा, पळवाट अजून सुटलेली नाही.

म्हणून गेले तीन आठवडे क्लासच्या वहीत मागच्या पानावर यानला पत्र लिहितोय, डचमध्ये. डिक्शनरी घेऊन, खोडून खोडून. आजवर एकच वाक्य झालंय. बाईंना दाखवून तपासून घेतलं, त्या म्हणाल्या एकही चूक नाही.

‘मंगळवारी तुझी आई काय म्हणाली, ते मला समजलं होतं.’